शाळेतले एईडी: कुलूप, ऊन आणि तीन मिनिटे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातली एक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा. सकाळ-दुपार मिळून अकराशे विद्यार्थी, दोन इमारती, मागे मोठे मैदान. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळेला एक एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यास छातीला चिकटवलेल्या पॅडमधून विजेचा शॉक देणारे यंत्र, मिळाले आहे. मुख्याध्यापक विचारतात: ते कुठे ठेवायचे, कुलपात ठेवले तर चालेल का, देखभाल कोणी आणि कशी करायची, शिक्षक हात लावायला घाबरतात त्याचे काय, आणि त्याच संस्थेच्या धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेसाठीही एक घ्यावे का.

सर, कुलपाचे उत्तर आधी देतो. कुलपात ठेवू नका. ऑफिसच्या कपाटात नाही, प्रयोगशाळेत नाही, तुमच्या केबिनमध्येही नाही.

कारण वेळेच्या हिशोबात आहे. अचानक कोसळलेल्या माणसाचे हृदय अनेकदा सुरुवातीला पूर्ण थांबलेले नसते. ते वेडेवाकडे थरथरत असते आणि रक्त पुढे ढकलत नाही. ही थरथर विजेच्या शॉकनेच थांबते. छातीवर दाब (सीपीआर) दिले नाहीत, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाब चालू असतील तर ही घट निम्म्यावर येते. म्हणून शाळेचे उद्दिष्ट एकच धरायचे: माणूस कोसळल्यापासून ३ मिनिटांत पहिला शॉक. जागा, माणसे, सराव, खर्च हे सगळे याच आकड्यावरून ठरवायचे.

आता हे १८० सेकंद वाटून बघा. काय झाले हे ओळखून ओरडायला ३० सेकंद. यंत्र उघडून, शर्ट कापून, पॅड चिकटवायला ४० सेकंद. यंत्राला ठोके तपासून चार्ज व्हायला २० सेकंद. उरले ९०. मैदानावरून कोणी यंत्र आणायला धावत जाऊन परत येणार असेल, तर एका बाजूला ४५ सेकंद मिळतात. म्हणजे धावत साधारण १२० मीटर. पण मैदानावरून नुसता इशारा गेला आणि यंत्राजवळचाच माणूस ते घेऊन निघाला, तर एक फेरी वाचते आणि तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट अंतर कापता येते. यंत्र एकच असलेल्या शाळेने ही फेरी वाचवायलाच हवी. क्रीडाशिक्षकाची शिट्टी ठरावीक पद्धतीने वाजवा: तीन लांब, थांबून पुन्हा तीन लांब. ती ऐकून ऑफिसबाहेरची घंटा सलग वाजवायची. सलग घंटा फक्त याच कामासाठी राखून ठेवा. सुट्टीची घंटा आणि ही घंटा यांत गल्लत झाली, तर मधल्या सुट्टीसारखी मुले मैदानावर लोटतील आणि यंत्र नेणाऱ्याला वाट मिळणार नाही. मोबाइलवर भिस्त ठेवू नका. तासाला फोन सायलेंटवर असतात, असायलाही हवेत.

त्यामुळे जागा अशी निवडा जिथे शाळा उघडी असेपर्यंत कोणी ना कोणी बसलेले असते. बहुतेक शाळांत ती जागा म्हणजे ऑफिसच्या दाराबाहेरचा व्हरांडा, शिपायाच्या स्टुलाजवळची भिंत. पेटी भिंतीवर, पकड जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर, म्हणजे आठवीतल्या मुलीलाही काढता येईल अशी. पेटीला कुलूप नको, उघडताच मोठ्याने वाजणारा अलार्म हवा. शिवाय हाताने ओढून तुटणारे नंबरचे प्लॅस्टिक सील लावा. चोरीची भीती खरी आहे, पण तिचा बंदोबस्त अलार्म, सील आणि असलाच तर त्या कोपऱ्याकडे वळवलेला सीसीटीव्ही यांनी होतो. जागा ठरवण्याआधी स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून, दुसऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यापासून आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपापासून प्रत्यक्ष धावून बघा. नकाशावर मोजलेले अंतर कामाचे नाही, कारण त्यात जिने, सायकलस्टँड आणि मधले बंद गेट दिसत नाही. दोन इमारतींच्या मधल्या गेटला कुलूप असेल, तर त्याची एक किल्ली एईडीच्या पेटीतच टांगा.

कुलपाचे मूळ मात्र भलतीकडेच असते. देणगीची वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढते, तिचा चार्ज, म्हणजे ताबा, कोणाच्या तरी नावावर येतो, आणि ज्याच्या नावावर चार्ज तो ती कपाटात घालून किल्ली खिशात ठेवतो. त्याचे काही चुकत नाही. वस्तू हरवली तर त्याच्याकडूनच वसुली होणार असते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा संस्थेच्या सभेत लेखी ठराव घ्या: एईडी उघड्या पेटीत ठेवण्यात येत आहे, ते गहाळ झाल्यास कोणा एका कर्मचाऱ्याला वैयक्तिक जबाबदार धरले जाणार नाही. हा एक कागद झाला की कुलूप आपोआप निघते. तो नसेल तर मी काय किंवा प्रशिक्षकाने काय, कितीही सांगितले तरी दोन महिन्यांत यंत्र कपाटात गेलेले दिसेल. पॅड आणि बॅटरी डेडस्टॉकला चढवू नका. त्या संपणाऱ्या वस्तू आहेत, त्यांची नोंद उपभोग्य वस्तूंच्या वहीत करा. नाहीतर मुदत संपलेले पॅड निर्लेखनाची (वस्तू नोंदीतून कमी करण्याची) परवानगी येईपर्यंत यंत्रालाच जोडलेले राहतात.

आता ऊन. खानदेशासाठी हा मुद्दा वेगळा लिहावाच लागतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच एईडींना सज्ज स्थितीत ठेवण्याची मर्यादा ० ते ५० अंश सेल्सिअस असते. तुमच्या यंत्राची मर्यादा पुस्तिकेत बघून पेटीवर लिहून ठेवा. बाहेर ४५ असताना पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीत ५० कधी ओलांडले हे कळत नाही. उष्णतेने आधी बिघडतात ते पॅड. त्यांच्या आतले जेल सुकते, मग पॅड छातीला नीट चिकटत नाही आणि शॉक पुरता पोहोचत नाही. बॅटरीचे आयुष्यही कमी होते. वाईट भाग असा की यंत्राचा दिवा तरीही हिरवाच असू शकतो. काही मॉडेल पॅडची जोडणी तपासतात, पण जेल सुकले आहे की नाही हे प्रत्येक मॉडेलला कळतेच असे नाही.

उपाय खर्चाचा नाही. भूगोलाच्या साहित्यात कमाल-किमान तापमापक असतो. तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एईडीच्या पेटीत बंद करून ठेवा आणि रोज दुपारी चारला वाचा. कमाल आकडा ४५ च्या वर गेला, तर जागा बदला: स्लॅबची, तळमजल्याची, उत्तर किंवा पूर्व बाजूची भिंत. उन्हाळी सुट्टीत शाळा दीड महिना बंद, खिडक्या बंद, पंखा बंद. त्या काळात यंत्र शाळेत ठेवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या. तिथे माणसे येतात-जातात, त्यामुळे यंत्र उपयोगाचेही राहील. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी ते परत भिंतीवर आले पाहिजे आणि पॅडचे पाकीट तपासले गेले पाहिजे. तालुका-जिल्हा स्पर्धांना यंत्र सोबत नेता तेव्हा ते बंद जीपमध्ये किंवा स्कूलबसमध्ये ठेवून मैदानावर जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान ५० च्या वर सहज जाते. यंत्र संघाच्या बाकाखाली, सावलीत. धुळीसाठी यंत्राचे धूळ-पाणी रोधक मानांकन आयपी ५५ किंवा त्याहून वरचे असलेले बरे. भारनियमनाची चिंता नको, एईडी स्वतःच्या बॅटरीवर चालते. ती बॅटरी बहुतेक मॉडेलमध्ये न चार्ज होणारी लिथियमची असते. तिला चार्जर लावायचा प्रयत्न कोणी करू नये, हेही पेटीवर लिहा.

देखभालीसाठी दोन नावे हवीत, एक मुख्य आणि एक पर्यायी. दोघे एकाच सत्रातले नकोत. माझी पसंती शिपाई आणि क्रीडाशिक्षक यांना. शिपाई सर्वांत आधी येतो, शेवटी जातो आणि कोणती किल्ली कुठे आहे हे त्यालाच माहीत असते. यंत्र रोज, आठवड्याला, महिन्याला स्वतःची तपासणी करते, पण तिचा निकाल माणसाने बघितला नाही तर ती असून नसल्यासारखी. येता-जाता रोज दिव्याकडे नजर टाकायची. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी मात्र पाच मिनिटे देऊन नीट बघायचे:

– दर्शक दिवा किंवा खूण ‘सज्ज’ दाखवते का. लाल खूण, फुली किंवा टिकटिक आवाज असेल तर त्याच दिवशी पुरवठादाराला फोन.
– पॅडचे पाकीट सीलबंद आहे का, कोपरा फाटलेला नाही ना, मुदत कोणत्या महिन्याची आहे.
– ज्या मॉडेलमध्ये पॅडची वायर आधीच जोडलेली ठेवायची असते, तिथे प्लग पूर्ण बसला आहे का.
– बॅटरीची मुदत आणि बसवल्याची तारीख.
– जोडीचे साहित्य: कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, सुती पंचा, एक वस्तरा, दोन जोड्या हातमोजे, तोंडावर ठेवायचा पॉकेट मास्क, पेन आणि कोरा कागद.
– पेटीच्या अलार्मचे सेल. हे सेल गळतात आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

मग तारीख आणि सही. झाकण उघडताच सुरू होणारी मॉडेल असतात. ती दर वेळी उघडून बघू नका, दाखवण्यासाठी तर नाहीच. पाहुणे आले की झाकण उघडून यंत्र बोलते करून दाखवणे हे बॅटरी लवकर संपण्याचे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण टिकटिक. यंत्र बॅटरी उतरली म्हणून आवाज करते, तास चालू असतो, कोणीतरी कंटाळून बॅटरीच काढून ठेवते. आवाज थांबतो, आणि यंत्रही संपते. सर्व शिक्षकांना एवढे एकच सांगून ठेवा: टिकटिक ऐकू आली की बॅटरीला हात न लावता त्या दोन नावांपैकी एकाला बोलवा.

खंडेनवमीला शाळेतल्या यंत्रांची पूजा होते, तशी याचीही होईल, झालीच पाहिजे. फक्त हळद-कुंकू आणि हार पेटीच्या बाहेरच्या बाजूला. ओले कुंकू स्पीकरच्या जाळीत किंवा दिव्याच्या काचेवर गेले तर महिनाभर दिवा दिसत नाही. देणगीदाराच्या नावाची पाटीही पेटीच्या वर लावा, काचेवर चिकटवू नका.

खर्चाचे बोलायचे तर यंत्र फुकट मिळाले म्हणजे कार्यक्रम फुकट झाला असे नाही. यंत्राचे आयुष्य ८ वर्षे धरा. पॅडची मुदत २ वर्षांची असेल तर यंत्राबरोबर आलेला एक आणि पुढे तीन संच. बॅटरी ४ वर्षांची असेल तर मधे एकदा नवी. त्याशिवाय एक जादा पॅडसंच कायम पेटीत हवा, कारण पहिला उघडताना फाटला किंवा घामाने निघाला तर दुसरा लागतो. देणगीदाराला आत्ताच पत्र द्या आणि पुढच्या ८ वर्षांच्या पॅड-बॅटरीचा खर्च याच देणगीत धरायची विनंती करा. देणगी ताजी असताना हे मिळते, तीन वर्षांनी त्या कंपनीतला माणूस बदललेला असतो. पुरवठादाराकडून लेखी घ्या: भारतातील विक्रीसाठीचा सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियामक संस्थेचा) परवाना किंवा नोंदणी, पॅड मिळतील तेव्हा किमान तीन चतुर्थांश मुदत शिल्लक असेल ही हमी, आणि यंत्र बिघडल्यास बदली यंत्र किती दिवसांत देणार. मागणी मुदतीच्या ३ महिने आधी नोंदवा. माल मुंबई-पुण्याहून येतो आणि मार्चएण्डला संस्थेचे बिलही अडकते.

एक गोष्ट आत्ताच बघून घ्या: यंत्र कोणत्या भाषेत बोलते. बहुधा इंग्रजी, काहींत हिंदीचा पर्याय असतो. इंग्रजी असेल तर झाकणाच्या आत तीन सूचना मराठीत लिहून चिकटवा: ‘आता कोणी हात लावू नका’, ‘चमकणारे बटण दाबा’, ‘छातीवर दाब सुरू करा’. आणि सराव त्याच आवाजावर घ्या, म्हणजे शब्द कळला नाही तरी आवाजाची ओळख होते.

आता शिक्षकांची भीती. ती दोन प्रकारची असते. चुकून शॉक दिला आणि पोरगं गेलं तर, ही एक. आणि पोलीस केस झाली तर, ही दुसरी. पहिलीचे उत्तर यंत्रातच आहे. एईडी ठोक्यांची नोंद स्वतः वाचते आणि शॉकची गरज असलेली हृदयाची लय सापडली तरच चार्ज होते. झटका आलेल्या, चक्कर येऊन पडलेल्या किंवा उन्हाने बेशुद्ध झालेल्या, हृदय नीट चालू असलेल्या मुलाला पॅड लावले, तर यंत्र शॉक देत नाही. बटण दाबले तरी नाही. दुसरीचे उत्तर कायद्यात आहे. संमती घेणे शक्य नसताना, सद्हेतूने, त्या व्यक्तीच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. जुन्या दंड संहितेत हेच कलम ९२ होते. मोटार वाहन कायद्यातले २०१९ चे कलम १३४-अ लोक सांगतात, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरते आहे, शाळेच्या मैदानाला त्याचा आधार घेऊ नका. संस्थेच्या ठरावात एक वाक्य वाढवा: प्रशिक्षित असो वा नसो, प्रसंगी एईडी वापरणाऱ्याच्या पाठीशी संस्था उभी राहील.

प्रत्यक्ष कृती. ओळखण्याची कसोटी दोनच प्रश्नांची: हाक मारून, खांदे थोपटून उत्तर देतो का, आणि नेहमीसारखा श्वास घेतो का. दोन्हीला नाही, तर हृदय बंद पडले असे धरून चालायचे. नाडी शोधत बसू नका. इथे दोन गोष्टी फसवतात. हृदय बंद पडताना पहिले काही सेकंद हात-पाय झटके आल्यासारखे हलू शकतात, आणि लोक ‘फिट आली’ म्हणून कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात. आणि काही मिनिटे अधूनमधून घोरल्यासारखे, मासा तडफडतो तसे श्वास येतात, ते बघून ‘श्वास आहे’ असे म्हटले जाते. ते श्वास नव्हेत. कांदा, चप्पल, तोंडात पाणी, चेहऱ्यावर पाणी यांत तीन मिनिटे सहज जातात. प्रशिक्षणात हाच भाग सर्वांत जास्त वेळ घ्यावा, पॅड लावणे त्यामानाने सोपे आहे. चेंडू छातीवर लागून मूल लगेच किंवा दोन पावले चालून कोसळले, तर वेगळा विचारच करू नका. निरोगी हृदयही अशा माराने बंद पडते, आणि अशा वेळी लवकर दिलेला शॉक फार चांगला लागू पडतो.

कामे चौघांत आधीच वाटलेली हवीत. एक जण दाब सुरू करतो. दुसरा यंत्र आणतो. तिसरा १०८ ला फोन करतो आणि सांगतो: ‘शाळेत बेशुद्ध, श्वास नाही, सीपीआर चालू, एईडी आहे’, मग गाव, तालुका आणि कोणत्या रस्त्याने आत यायचे. चौथा मुलांना मागे हटवतो आणि एका मोठ्या विद्यार्थ्याला फाटकावर किंवा हमरस्त्याच्या फाट्यावर उभे करतो.

दाब छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या मुलात आणि माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, थकलेला माणूस कबूल करत नाही पण दाब उथळ झालेला असतो. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य लोकांसाठी फक्त दाबांची पद्धत सांगितली आहे, शिक्षकांना तीच आधी शिकवा. ज्यांना शिकवून झाले आहे त्यांनी लहान मुलात ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. मुलांमध्ये मूळ बिघाड श्वासाचाही असतो, विहिरीतून किंवा नदीतून काढलेल्या मुलात तर नक्कीच.

यंत्र आले की पहिले काम ते सुरू करणे. मग ते सांगेल तसे. पॅड उघड्या, कोरड्या त्वचेवर लावायचे: एक उजव्या हासळीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांच्या बाजूला. चुका नेहमी ठरलेल्या असतात. पॅडचा मागचा कागद न काढता चिकटवणे, बनियनवर लावणे, घाम न पुसणे, डावा पॅड काखेकडे न नेता पुढेच छातीवर लावणे. गळ्यातला ताईत किंवा साखळी तोडायची गरज नाही, पॅडखाली येणार नाही अशी बाजूला सारा. त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर लावू नका, बाजूला लावा. फरशी ओली असली तरी चालते, साचलेल्या पाण्यात मात्र नको. पावसाळ्यात कूलरचा किंवा मोटारीचा शॉक लागून मूल पडले असेल, तर आधी मेन स्विच बंद, मगच हात.

मुलगी किंवा शिक्षिका कोसळली तर कपडे कापायला हात धजत नाहीत, आणि हा उशीर जगभर दिसून आला आहे. यावर बोलणे टाळू नका. पेटीत एक मोठी चादर ठेवा, दोन शिक्षिकांनी ती धरून आडोसा करायचा हे ठरवून टाका, आणि सराव करताना ही भूमिकाही करून घ्या. पॅड अंतर्वस्त्रावर चालत नाहीत.

वयाबद्दल नेहमी विचारले जाते. ८ वर्षांखालील किंवा २५ किलोखालील मुलांसाठी कमी ऊर्जेचे लहान पॅड किंवा यंत्रावरचे लहान मुलांचे बटण असते. तुमची शाळा पाचवीपासून, म्हणजे वय सगळ्यांचेच पुढे, पण आपल्याकडे दहा वर्षांचे मूल कधी कधी २५ किलो भरत नाही हेही खरे. नियम साधा ठेवा: लहान पॅड हाताशी असतील तर लावा, नसतील तर मोठेच लावा, वजन ठरवत बसू नका. छाती अरुंद असल्याने दोन पॅड एकमेकांना टेकत असतील, तर एक छातीच्या मधोमध आणि दुसरा पाठीवर, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये.

यंत्र तपासत असताना आणि शॉकच्या क्षणी कोणी शिवायचे नाही. शॉक झाला की लगेच, चेहरा न बघता, पुन्हा दाब. दोन मिनिटांनी यंत्र स्वतः पुन्हा तपासेल. आणि हे मोठ्या अक्षरांत पेटीत लावा: यंत्र ‘शॉकची गरज नाही’ म्हणाले, म्हणजे मूल ठीक आहे असे नाही. हृदय पूर्ण थांबले असेल तरी यंत्र हेच म्हणते. श्वास नाही आणि हालचाल नाही, तर दाब चालूच. हे वाक्य ऐकून ‘चला, काही नाही’ म्हणून हात काढून घेणे ही एईडी असलेल्या ठिकाणी होणारी सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

प्रशिक्षणासाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागाला किंवा रेडक्रॉसच्या जिल्हा शाखेला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. भाषण नको, हात चालले पाहिजेत: पाच जणांमागे एक पुतळा आणि सरावाचे एईडी, दोन तास. प्रत्येक सत्रातून किमान सहा जण, त्यांत क्रीडाशिक्षक, लिपिक, शिपाई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई असाव्यात. नववी-अकरावीच्या एनसीसी, स्काउटच्या मुलांना जरूर घ्या, ती चांगले दाब देतात. हाताचे कसब तीन ते सहा महिन्यांत उतरते, म्हणून जुलै आणि जानेवारीत वीस मिनिटांची उजळणी. वर्षातून दोनदा न सांगता सराव करा: मैदानावर पुतळा ठेवा, शिट्टी मारा, घड्याळ लावा, आणि पॅड लागेपर्यंत किती वेळ गेला तो वहीत लिहा. सरावाचे पॅड आणि खरे पॅड दिसायला सारखे असतात. सरावाच्या पाकिटावर जाड मार्करने ‘सराव’ लिहा आणि ते दुसऱ्या कपाटात ठेवा.

मुलांपेक्षा मोठ्या माणसांना शाळेत हा प्रसंग येण्याची शक्यता जास्त आहे. पन्नाशी ओलांडलेले शिक्षक, पालकसभेला आलेले आजोबा, मतदानाच्या रांगेतले वृद्ध. शाळा मतदान केंद्र किंवा बोर्डाचे परीक्षा केंद्र असते त्या दिवशी इमारत दुसऱ्यांच्या ताब्यात असते. केंद्राध्यक्षांना पेटी दाखवून द्या, तिच्यासमोर टेबल लावू देऊ नका.

मुलांच्या बाबतीत मात्र काही खुणा आधी दिसतात. धावताना किंवा खेळताना, म्हणजे थांबल्यावर नव्हे, भर जोरात असताना चक्कर येऊन पडणे. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे. अशा मुलाला ‘उपाशी होता’ म्हणून पुन्हा मैदानावर न पाठवता ईसीजी आणि हृदयतपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांना अशा मुलांची यादी पुढे होऊन द्या. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली आणि तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणारी मुले असतील, तर वर्गशिक्षकाला माहीत हवे, पण यादी फलकावर नको.

धडगावच्या आश्रमशाळेबद्दल माझे उत्तर थोडे वेगळे आहे. एईडी घ्या, पण पहिल्यांदा नको. तिथे मुले रात्रंदिवस राहतात, घाटातून रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, काही ठिकाणी फोनलाच नेटवर्क नसते. सर्पदंश, ओढ्यात बुडणे, तापातले झटके हे प्रसंग तिथे हृदय अचानक बंद पडण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून क्रम असा ठेवा: अधीक्षक, स्त्री अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांना श्वासांसह सीपीआर, पॉकेट मास्क, नेटवर्क कुठे मिळते त्या जागेची खूण, रात्री निघू शकेल अशा एका गाडीच्या चालकाशी लेखी बोलणे, आणि मग एईडी. तोपर्यंत ते पैसे प्रशिक्षणाला लावा. भिल्ल, पावरा मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. अशी मुले पळताना पाय गळून, दुखत, बोलत-बोलत खाली बसतात. ते हृदय बंद पडणे नव्हे, पण थांबायची निकड तेवढीच आहे: पळणे बंद, सावली, पाणी, आणि थेट दवाखाना. कोण सिकलसेलचे आहे हे शारीरिक शिक्षणाच्या तासाआधी शिक्षकाला माहीत असले पाहिजे.

प्रसंग घडून गेला की यंत्र बंद करू नका आणि पॅड काढू नका. १०८ चे डॉक्टर येऊन सांगतील तोपर्यंत ते छातीवरच, मूल शुद्धीवर आले तरी. किती वाजता पडला, पहिला शॉक कधी, एकूण किती, हे त्या कोऱ्या कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. यंत्रात सगळी नोंद साठलेली असते. ती पुरवठादाराकडून काढून घेऊन रुग्णालयाला पोचवा, हृदयरोगतज्ज्ञाला तिचा फार उपयोग होतो. ज्यांनी दाब दिले त्यांना त्या दिवशी तासावर पाठवू नका, आणि ज्या वर्गासमोर घडले त्या मुलांशी दुसऱ्याच दिवशी बसून बोला. मग यंत्र ओलसर कापडाने पुसायचे, जादा पॅडसंच जोडायचा, बॅटरी बघायची, सील नवे लावायचे आणि त्याच संध्याकाळी नव्या पॅडची मागणी नोंदवायची.